ग्रीनलंडची जहाजसफर: अस्वल दिसेल का, आणि गुडघा साथ देईल का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला आहे का हे तुम्हालाही पाहता येईल. तुम्ही ५८ वर्षांच्या, यजमान ६३चे. दीड वर्षापूर्वी त्यांचा उजवा गुडघा बदलला. आइसलँडहून निघून ग्रीनलंडच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्याने जाणारी, ऑगस्टअखेरची बारा दिवसांची जहाजसफर तुम्ही ठरवायच्या बेतात आहात. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ध्रुवीय अस्वल आहे. ते नक्की दिसेल का, रबरी बोटीतली चढउतार जमेल का, आणि निवृत्तीच्या पुंजीतला एवढा मोठा हिस्सा यात घालावा का, असं तुम्ही विचारलंत.

मी मूळची पुण्याची. भूशास्त्र शिकले आणि गेली अकरा वर्षं उन्हाळ्यात अशा लहान जहाजांवर मार्गदर्शक म्हणून काम करते. दिवसा रबरी बोट चालवायची, लोकांना किनाऱ्यावर न्यायचं, संध्याकाळी हिमनद्यांवर बोलायचं, हा माझा दिनक्रम. तुमचा मार्ग माझ्या पायाखालचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

अस्वलाचं आधी सांगून टाकते. ते दिसणार नाही असं धरून चाला. ध्रुवीय अस्वल समुद्रावरच्या गोठलेल्या बर्फावर सीलची शिकार करून जगतं. दक्षिण ग्रीनलंडला असा बर्फ पूर्व किनाऱ्यावरून वाहत, टोकाला वळसा घालून येतो. त्याला तिथे ‘स्टोरिस’ म्हणतात. त्याच्यावर बसून हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतात एखादं अस्वलही दक्षिणेत येतं. ऑगस्ट संपेपर्यंत तो बर्फ बहुतेक विरघळलेला असतो. या मार्गावर, या दिवसांत, अकरा हंगामांत मला अस्वल एकदाच दिसलं, आणि तेही दुर्बिणीतून, डोंगरउतारावरच्या पिवळट ठिपक्याएवढं.

अस्वल हाच तुमचा ध्यास असेल तर हा मार्ग सोडा आणि जून-जुलैत नॉर्वेच्या स्वालबार्डला जा. तिथे शक्यता पुष्कळ चांगली आहे. पण १ जानेवारी २०२५ पासून तिथले नियम कडक झाले आहेत: अस्वलापासून किमान ३०० मीटर दूर राहायचं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. मला हे नियम योग्य वाटतात. मात्र माहितीपत्रकातला तो जवळून घेतलेला फोटो आता तुम्हाला मिळणार नाही, हे समजून जा. स्वालबार्डला मूळ रहिवासी कधीच नव्हते. तिथला इतिहास देवमासे मारणाऱ्यांचा, सापळे लावून शिकार करणाऱ्यांचा, कोळसा खाणींचा आणि संशोधकांचा आहे. आपल्या भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्रही तिथेच, न्यू-ऑलेसुंडला, २००८ पासून आहे. ग्रीनलंड-कॅनडाकडचे मूळ रहिवासी, म्हणजे इनुइट, तिथे नाहीत, आणि नॉर्स (म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन) लोकांची जुनी गावंही नाहीत. अस्वल आणि इनुइट गावं दोन्ही हवी असतील तर कॅनडाच्या बॅफिन बेटाकडे आणि लँकेस्टर साउंडकडे जाणाऱ्या सफरी आहेत. त्या जास्त दिवसांच्या आणि जास्त महाग असतात, आणि बर्फाने वाट अडवण्याची भीतीही तिकडे मोठी.

म्हणजे तुमचा खरा प्रश्न अस्वलाचा नाहीच. पहाटे चार वाजता ध्वनिक्षेपकावर आवाज आला तर तुम्ही दोघं कशासाठी पांघरूण फेकून डेकवर धावाल, हा आहे. ग्रीनलंडचा हा मार्ग दोन गोष्टी जवळजवळ खात्रीने देतो: बर्फ, आणि माणसांची हजार वर्षांची गोष्ट. या दोन्हींची ओढ असेल तर अस्वलाची आठवणही येणार नाही.

बर्फ सगळ्यात भव्य दिसतो तो डिस्को उपसागरातल्या इलुलिस्सातला. या गावाच्या नावाचा अर्थच ‘हिमनग’. शेजारच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या चिंचोळ्या खाडीत, सेर्मेक कुयाल्लेक ही हिमनदी बर्फ ओतते. जगातल्या सर्वांत वेगवान हिमनद्यांपैकी ती एक. तिचा वेग दिवसाला ४० मीटरच्याही वर मोजला गेला आहे. २००४ मध्ये हा फ्योर्ड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, तेव्हा वर्षाला ३५ घन किलोमीटरहून जास्त बर्फ इथून सुटतो असं नोंदवलं गेलं. आपल्या हिशेबात सांगायचं तर १०५ टीएमसीचं कोयना धरण दहा वेळा काठोकाठ भरून उरेल एवढं पाणी. फ्योर्डच्या तोंडाशी समुद्राच्या तळावर दोनशेहून अधिक मीटर खोलीवर जुन्या हिमनदीने सोडलेला गाळाचा उंचवटा आहे. मोठे हिमनग तिथे अडकतात, मागच्यांचा रेटा वाढत जातो, आणि झिजून-फुटून हलके झाले की मगच ते बाहेर पडतात. म्हणून गावासमोर कायम बर्फाची पांढरी वस्ती उभी असते.

इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण दर फेरीत कोणीतरी हिरमुसतं. इलुलिस्सातहून हिमनदीचा कडा दिसत नाही. तो फ्योर्डमध्ये कितीतरी किलोमीटर आत आहे. दिसतात ते तिथून आलेले हिमनग. समुद्रात कोसळणारा कडा बघायचा असेल तर त्याच उपसागरात उत्तरेला असलेल्या ‘एकी’ हिमनदीचं नाव तुमच्या कार्यक्रमात आहे का ते पाहा. कडा कोसळला की लाट उठते, म्हणून आम्ही बोट लांबच ठेवतो. हिमनगाशीसुद्धा मी त्याच्या उंचीच्या किमान तिप्पट अंतर राखते, कारण तो कधी उलटेल ते सांगता येत नाही. पाण्यावर दिसतो तो साधारण दहावा हिस्सा, बाकीचा सगळा खाली. वारा पडला की मी इंजिन बंद करते आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगते. भोवती तरंगणाऱ्या बर्फाच्या तुकड्यांतून कढईत लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज येत असतो. हजारो वर्षांपूर्वी पडलेल्या हिमात दाबून राहिलेली हवा बुडबुड्याबुडबुड्याने सुटते, त्याचा तो आवाज. चांगले बोलके लोकही त्यानंतर पाच-दहा मिनिटं काही बोलत नाहीत.

आता माणसांकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या मार्गाचा गाभा तिथे आहे.

आइसलँडमधून हद्दपार झालेला एरिक ९८२च्या सुमारास या किनाऱ्यावर आला आणि ९८५-८६ मध्ये वसाहत करायला माणसं घेऊन परत निघाला. जुन्या आइसलँडिक नोंदी म्हणतात की पंचवीस जहाजं निघाली आणि चौदा पोचली. तुमचं जहाज आइसलँड आणि ग्रीनलंडच्या मधल्या डेन्मार्क सामुद्रधुनीत डोलायला लागेल तेव्हा हे आकडे आठवा. त्या लोकांना आपण व्हायकिंग म्हणतो, पण इथे आले ते शेतकरी होते: गाईगुरं, मेंढ्या, गवताची कुरणं, दगडमातीची घरं. एरिकचं ब्राट्टाहलिद म्हणजे आजचं कासिअर्सुक, बिशपचं गारदार म्हणजे आजचं इगालिकू. हा सारा शेतीचा मुलूख ‘कुयाता’ या नावाने २०१७ मध्ये जागतिक वारसा झाला. त्यांच्यातलेच काही पुढे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडपर्यंत गेले. तिथल्या लान्स ओ मेडोज या जागी सापडलेलं लाकूड इ.स. १०२१ मध्ये तोडलेलं होतं, हे झाडाच्या वलयांवरून ठरलं आहे. म्हणजे कोलंबसाच्या पावणेपाचशे वर्षं आधी.

ककोर्तोकजवळ ह्वाल्सी नावाचं उजाड ठिकाण आहे. तिथल्या दगडी चर्चच्या भिंती आजही उभ्या आहेत, छप्पर तेवढं नाही. सप्टेंबर १४०८ मध्ये इथे एक लग्न लागलं. नवरानवरी पुढे आइसलँडला गेली, आणि लग्न रीतसर झालं होतं याचे दाखले पुढच्या काही वर्षांत लिहिले गेले. ग्रीनलंडच्या नॉर्स वसाहतीबद्दलची ती शेवटची लेखी खबर. त्यानंतर कागदावर काही नाही. दुष्काळाची तक्रार नाही, लढाईची बातमी नाही. शेवटचा आवाज एका लग्नाच्या दाखल्याचा आहे. त्या चौकटीत उभं राहून मी हे सांगते तेव्हा माझाच घसा दरवेळी दाटतो.

हे लोक का संपले, याची एक सोपी गोष्ट जहाजांवर ऐकू येते: नॉर्स हट्टी होते, गाईंना चिकटून राहिले, सील खाल्ले नाहीत आणि मेले. इनुइट हुशार होते, म्हणून टिकले. मला ही मांडणी पटत नाही. नॉर्स थडग्यांतल्या हाडांच्या तपासणीत दिसतं की पिढ्यान्पिढ्या त्यांच्या आहारात समुद्राचा वाटा वाढत गेला. म्हणजे ते बदलत होते. पण हवा थंड होत गेली. युरोपात वॉलरसच्या सुळ्यांना गिऱ्हाईक कमी झालं, आणि त्याच सुळ्यांवर त्यांचा बाहेरचा बराचसा व्यापार होता. १३४९ मध्ये नॉर्वेत प्लेग आला. १३७८च्या सुमारास गारदारचा बिशप वारला, त्याच्या जागी कोणी राहायला आलं नाही. जहाजं येईनाशी झाली. तरुण माणसं हळूहळू निघून गेली असावीत. आणि ही वसाहत साडेचारशे वर्षं टिकली होती. शिवराज्याभिषेकाला आता कुठे साडेतीनशे वर्षं होताहेत. एवढा काळ नांदलेल्या लोकांना ‘अपयशी’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणखी एक गैरसमज. इनुइट इथे अनादी काळापासून आहेत आणि नॉर्स बाहेरून आले, असं बहुतेकांना वाटतं. ग्रीनलंडमध्ये साडेचार हजार वर्षांपूर्वीपासून वेगवेगळे लोक येऊन गेले हे खरं. पण एरिक आला तेव्हा दक्षिणेत कोणी राहत नव्हतं. आजच्या ग्रीनलंडवासीयांचे पूर्वज, ज्यांना थुले संस्कृतीचे लोक म्हणतात, ते तेराव्या शतकाच्या आसपास अलास्काकडून कॅनडामार्गे उत्तरेत पोचले: कुत्र्यांच्या घसरगाड्या, कातड्याच्या बोटी, हार्पून घेऊन. ‘कयाक’ हा शब्द त्यांचाच. पुढे ते दक्षिणेला सरकले. १७२१ मध्ये हान्स एगेदे हा धर्मोपदेशक हरवलेले नॉर्स शोधायला आला, तेव्हा त्याला भेटले ते हेच लोक. आणि १९२४ मध्ये ओटो फ्रेडरिक्सन या ग्रीनलंडरने कासिअर्सुकला पुन्हा मेंढ्या पाळायला सुरुवात केली, एरिकच्याच कुरणांवर. आज तिथे उतरलात की एका बाजूला हजार वर्षांपूर्वीच्या घरांचे चौथरे दिसतात, आणि त्यांच्या पलीकडे इनुइट शेतकऱ्याचा ट्रॅक्टर हिवाळ्यासाठी गवत कापत असतो. माझ्यासाठी सगळ्या सफरीतली ही सर्वांत मोलाची जागा आहे. हिमनगांपेक्षाही.

राजधानी नूकला राष्ट्रीय संग्रहालय चुकवू नका. किलाकित्सोक इथे १९७२ मध्ये सापडलेल्या, इ.स. १४७५च्या सुमाराच्या देहांपैकी काही तिथे आहेत. थंड कोरड्या हवेत आपोआप टिकलेले, अंगावर सीलच्या कातड्याचे शिवलेले कपडे. त्यांत सहा महिन्यांचं एक बाळ आहे. त्या दालनात कॅमेरा पिशवीतच ठेवा.

आपल्या शाळेच्या भूगोलात ‘इग्लूत राहणारे एस्किमो’ होते. तो शब्द तिथे वापरू नका, अनेकांना तो लागतो. इथले लोक स्वतःला कलाल्लित म्हणतात, भाषेला कलाल्लिसुत, आणि २००९ च्या स्वशासनापासून तीच अधिकृत भाषा आहे. गावात शिकाऱ्याच्या बोटीत मेलेला सील दिसेल. तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंत, म्हणून सांगते: तोंड वाकडं करू नका, फोटोही काढू नका. जिथे भात पिकत नाही आणि भाजी जहाजाने येते तिथलं ते घरचं अन्न आहे. मुलांचे आणि घरांच्या खिडक्यांतून आतले फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. या लोकांनी बाहेरच्यांकडून पुष्कळ सोसलं आहे. १९६०-७०च्या दशकांत हजारो ग्रीनलंडिक मुलींना आणि बायकांना गर्भनिरोधक साधनं बसवली गेली, अनेकींना त्यांची संमती न घेता. त्याबद्दल डेन्मार्कने अधिकृत माफी मागितली ती २०२५ मध्ये.

प्राण्यांचं थोडक्यात. ऑगस्टअखेर डिस्को उपसागरात आणि नूकच्या फ्योर्डमध्ये कुबडे देवमासे दिसण्याची शक्यता चांगली असते. कांगेर्लुस्सुआकच्या माळावर कस्तुरी बैल, दक्षिणेत पांढऱ्या शेपटीचा गरुड. कड्यांवर घरटी करणारे समुद्रपक्षी तोवर बहुतेक उडून गेलेले असतात. सील लांबूनच बुडी मारतात, कारण त्यांची शिकार होते. रात्री मात्र पुन्हा काळ्या झालेल्या असतात, त्यामुळे ढग नसतील तर ध्रुवीय प्रकाश दिसू शकतो. आणि जुलैत छळणारे डास तोवर बरेच ओसरलेले असतात.

तर इथपर्यंतचं एवढं: अस्वलासाठी स्वालबार्ड, बर्फ, नॉर्स आणि इनुइट यांसाठी तुमचाच मार्ग, आणि त्यासाठी ऑगस्टअखेर ही चांगली वेळ.

आता गुडघा. याचं उत्तर मी इथून देऊ शकत नाही, शल्यविशारदांना विचारावंच लागेल. पण त्यांना नुसतं ‘क्रूझला जाऊ का’ असं विचारू नका, काय करावं लागतं ते सांगा. जहाजाच्या बाजूच्या जिन्याने उतरायचं, खाली दोन खलाशी मनगटाच्या वर हात धरतात, एक पाऊल हलत्या बोटीच्या फुगीर काठावर, दुसरं आत. किनाऱ्यावर काठावर बसूनच सरकायचं, पाय बाहेर फिरवायचे आणि घोटाभर ते पोटरीभर पाण्यात, निसरड्या गोट्यांवर उभं राहायचं. परत येताना हेच उलट. घरी करून पाहा: दीड फूट उंच कट्ट्यावर बसा, हात न टेकता पाय पलीकडे फिरवा, उठा. पाच वेळा. मग तीन मजले कठड्याला न धरता उतरा. हे न दुखता जमलं तर मी त्यांना आनंदाने बोटीत घेईन. नाही जमलं तरी सगळं हातचं जात नाही. नूक आणि इलुलिस्सातसारख्या गावांत बहुधा धक्क्यावरच उतरता येतं, आणि इलुलिस्सातहून सेर्मेर्मिउतच्या जुन्या वस्तीकडे लाकडी फळ्यांची वाट आहे. ह्वाल्सीला मात्र ओला किनारा आणि खडबडीत गवत. काठी घ्यायला संकोच करू नका, माझ्याबरोबर चाळिशीतले लोकही घेतात.

सामुद्रधुनी ओलांडताना समुद्र खवळला तर मळमळ होणारच. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली घ्या, आणि गोळी लाटा सुरू व्हायच्या आधी घ्या.

पैशांबद्दल. ही रक्कम गेली तर घरखर्चावर परिणाम होईल अशी स्थिती असेल तर जाऊ नका. तसं नसेल तर पैसे देण्याआधी कंपनीला चार गोष्टी लेखी विचारा. प्रवासी किती, आणि सगळे एकाच वेळी उतरू शकतात की पाळीपाळीने? बारा दिवसांपैकी प्रत्यक्ष उतरण्याचे दिवस किती? ग्रीनलंडहून परतीचं विमान किमतीत आहे का? आणि प्रिन्स ख्रिश्चन सुंड बर्फाने बंद असेल तर पर्याय काय? हा शंभरेक किलोमीटरचा चिंचोळा जलमार्ग या सफरीचं दारच आहे, आणि काही वर्षी स्टोरिस त्यात येऊन बसतो. ‘हमखास जाणारच’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. चांगला कप्तान असं कधीच म्हणत नाही.

विमा आजारपणातल्या हवाई सुटकेसह घ्या, आणि बदललेल्या गुडघ्याचा त्यात स्पष्ट उल्लेख करा. तिकडे मदत किती लांब असते याचं एक उदाहरण: सप्टेंबर २०२३ मध्ये ईशान्य ग्रीनलंडमध्ये २०६ जणांना घेऊन जाणारं एक जहाज उथळ पाण्यात रुतलं. ते निघायला तीन दिवस लागले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

व्हिसाची चूक सर्वांत जास्त वेळा होते. ग्रीनलंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत, नाही. आइसलँडसाठी शेंगेन लागेल, परतताना पुन्हा शेंगेनमध्ये शिरत असाल तर एकाहून अधिक प्रवेशांचा, आणि ग्रीनलंडसाठी डेन्मार्ककडून ‘ग्रीनलंडसाठी वैध’ असा वेगळा शिक्का. नुसत्या शेंगेनवर आलेल्या एका जोडप्याला रेक्याविकच्या बंदरावरून परत जावं लागलेलं मी पाहिलं आहे.

कंपनीची उत्तरं आली आणि गुडघ्याची कट्ट्यावरची चाचणी झाली की इथेच लिहा. दिवसागणिक कार्यक्रमही टाका. कोणता दिवस खरा आणि कोणता नुसता कागदावरचा, ते मी बघून सांगते.